दादाच्या कानामागचं पान

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (कमरेमुळे आठातली तीन-चारच अंगं प्रत्यक्षात वाकली आहेत, बाकीची मनाने वाकली असं धरून चाल). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला अजून फक्त जिना चढतानाच येतो, की आता उतरतानाही येतो? आणि तुझ्या बाल्कनीच्या कठड्यावर तो पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांचा वेल चढवलेला आहे ना, त्याची तब्येत काय म्हणते? (हा शेवटचा प्रश्न मी सहज विचारलेला नाही. का विचारला ते पुढे येईलच, तोवर काय उत्तर द्यायचं याची तयारी करून ठेव.) आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे आणि ही नको इतकी खुशीत आहे, आणि मला संशय आला तो तिथेच.

फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. फोनवर बोलायला लागलो की ही स्वयंपाकघरातून भांडी घासणं थांबवून ऐकते, आणि तू ऐन मुद्द्याच्या वेळी दूध उतू गेलं म्हणून उठून जातेस. (इतकं दूध कुठल्याही घरात उतू जात नाही.) पत्रातून कोणाला असं उठून जाता येत नाही. शिवाय मला तुझा जबाब लेखी हवा आहे. सबंध नोकरी मी विमा कंपनीत लोकांच्या नुकसानीचे फोटो तपासण्यात घालवली. पडलेली भिंत आणि पाडलेली भिंत यांतला फरक मला चहा पिता पिता कळायचा. तुम्ही दोघा थोरल्या भावंडांनी मला 'पंचनामा' असं नाव ठेवलंत, ते मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण ज्या माणसाला तुम्ही पंचनामा म्हणता, त्याच्याच घरात, त्याच्याच नाकाखाली असला उद्योग करायचा म्हणजे धाडसच म्हणायचं. तुझंही.

तर प्रकरण असं आहे. शेजारच्या केकवाल्या बाईंनी हिला एक नाद लावून दिला. त्याला डिजिटल स्क्रॅपबुक म्हणतात. लहानपणी आपण जाड कागदावर फोटो चिकटवायचो आणि भोवती वेलबुट्टी काढायचो, तेच आता लॅपटॉपवर करतात. कात्री पडद्यावर, डिंक पडद्यावर, फिती, बटणं, रंगीत कागद, सगळं पडद्यावरच. हाताला काही चिकटत नाही, जमिनीवर कपटा पडत नाही, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. अफरातफरीला याहून सोयीचं साहित्य मी बघितलेलं नाही. माझ्या निळ्या शर्टाचं तिसरं बटण कधीचं गेलेलं आहे, आणि ही रोज पडद्यावर डझनभर बटणं लावते, वर त्यांना खऱ्या दोऱ्यासारखे टाके घालते. मी तसं बोलून दाखवलं, तर सुईच्या डबीला कुलूप नाही, एवढंच म्हणाली.

सुरुवात शुभेच्छापत्रांपासून झाली. वर्षअखेरीच्या सुट्ट्यांसाठी जे कार्ड हिने सगळ्यांना पाठवलं, ते तुलाही आलं असेल. त्यात आम्ही दोघं बर्फात उभे आहोत. फ्रिजमधला सोडला तर बर्फाशी माझा काडीचाही संबंध आलेला नाही. लोकरीची टोपी माझ्या डोक्यावर बसवलेली आहे, बसलेली नाही. तिच्यात आणि टकलात एक बोट जागा आहे. आणि पायात चपला! भोवती पांढरंशुभ्र सगळं आणि माझी बोटं उघडी. त्यावर तू काय कळवलंस? "किती छान दिसताय दोघं." थोरल्या बहिणीने निदान पायांकडे तरी बघायचं. पण आता मला कळतंय की तू मुद्दामच बघितलं नाहीस. तू तेव्हापासूनच सामील होतीस.

त्यानंतर नातीचा वाढदिवस आला. हल्ली वाढदिवसाला विषय लागतो. गेल्या वर्षी घुबड होता. यंदा नातीने 'आजोबा' निवडला (मला बरं वाटलं, पण घुबडानंतर लगेच आपला नंबर का, याचा मी थोडा विचार केला). हिने आणि आमच्या लेकीने मिळून पाण्याच्या बाटल्यांवर माझा चेहरा, केकमध्ये खोचायच्या काड्यांवर माझा चेहरा, आणि मुलांसाठी माझ्या चेहऱ्याचे मुखवटे छापले. दिवाणखान्यात माझी मिशी लावलेली दहा-बारा मुलं सोफ्यावरून उड्या मारत होती. मी एकाला ओरडलो, तर सगळ्यांनी मिळून माझ्याकडे माझ्याच चेहऱ्याने बघितलं. असं कोणी बघितलं की पुढे ओरडवत नाही, अनुभव घेऊन बघ. केकवरच्या काड्यांची शाई क्रीममध्ये उतरली आणि माझी मिशी हिरवी झाली. आमच्या जावयाने ती तशीच खाल्ली आणि गोड आहे म्हणून सांगितलं.

या सगळ्या धिंगाण्यात मी मात्र एक बाटली हातात घेऊन खिडकीशी गेलो. लेबलावर माझ्या गालाला लागून एक तुकडा राहिला होता. पांढरे-निळे पट्टे होते. कोणाचा तरी खांदा होता तो. आता तुला माहीत आहे, मी जन्मात पट्टे घातले नाहीत. हिला विचारलं, तर म्हणाली, पडदा असेल मागचा. आमच्या घरातले पडदे सगळे एकरंगी आहेत. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण भिंत कोणती ते कळेना. ती बाटली मी धुऊन कपाटात जपून ठेवली.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. या वर्षी कुठेही गेलो, तळ्यावर म्हणा, बागेत म्हणा, लेकीच्या नव्या घराच्या पायऱ्यांवर म्हणा, माझा फोटो काढताना ही दर वेळी म्हणायची, "जरा डावीकडे सरका." मी सरकायचो. "अजून थोडे." अजून सरकायचो. मला वाटायचं मागचं तळं येण्यासाठी. आता बघितलं, तर वर्षभराच्या प्रत्येक फोटोत मी एका कडेला आणि शेजारी माणूसभर मोकळी जागा. बसमध्ये शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात, तशी कोणासाठी तरी राखून ठेवलेली. भरीला भर म्हणजे मी खोलीत आलो की लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली यायचं. आणि प्रिंटरची निळी शाई संपत होती, बाकीचे रंग तसेच. निळीच का? मांजर डोळे मिटून दूध पितं, पण आमच्याकडचं मांजर निळं दूध पीत होतं.

शेवटी ही केकवाल्या बाईंकडे गेलेली असताना मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड मी हुशारीने शोधून काढला (झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता). आत 'कॅलेंडर' नावाचं खोकं होतं आणि त्यात फायली होत्या. नावं जशीच्या तशी देतो. 'दादा कापलेला'. 'दादा बिनपायाचा'. 'दादा उलटा'. 'दादा अंतिम'. 'दादा अंतिम खरा अंतिम'. ताई, ही नावं मी दोनदा वाचली. क्षणभर मला वाटलं, त्याला काही झालं आणि तुम्ही मला कळवलं नाहीत.

इथे दादाचं थोडं लिहावं लागणार आहे. तुला सगळं माहीत आहे, तुझ्याच घरी, तुझ्याच जेवणाच्या टेबलावर झालेलं आहे, पण माझी बाजू लेखी कुठेच नाही. त्याच्या गाद्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावरचा नळ फुटून पाणी आलं, त्याचे फोटो त्याने आपल्याला दाखवायला आणले होते. आपण सगळे 'अरेरे' म्हणावं एवढीच त्याची अपेक्षा होती, हे मला नंतर कळलं. मी चष्मा लावला आणि विचारलं, पाणी वरून आलं, तर वरची गादी कोरडी आणि खालची भिजलेली, हे कसं? साधा प्रश्न होता, मी रोज तिऱ्हाइतांना विचारायचो. त्याचा दावा माझ्याकडे नव्हताच, तो दुसऱ्या कंपनीने मंजूरही केला. पण दादा ताटावरून उठला. म्हणाला, "माझ्या फोटोंवर तुझा भरवसा नाही ना? मग यापुढे मला फोटोतच बघ." आणि तेव्हापासून तो मला दिसलेला नाही. (वरच्या गादीला प्लास्टिकचं वेष्टण होतं, असं त्याने नंतर तुझ्याजवळ सांगितलं म्हणे. ते वेष्टण मी पाहिलेलं नाही.)

दिसलेला नाही हे पूर्ण खरं नाही. एक गोष्ट मी तुलाही सांगितली नाही आणि हिलाही नाही. गेल्या वर्षी डोळे तपासायला मी तुमच्या शहरात आलो होतो. (हो, आलो होतो आणि तुझ्याकडे आलो नाही. त्यावरून तुला वेगळं भांडायचं असेल तर वेगळं पत्र लिही.) त्याच्या दुकानावरून सहज गेलो. सहज म्हणजे दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला तो शटर ओढून कुलूप लावत होता, पाठ माझ्याकडे. मी हाक मारली, "दादा." शटरचा आवाज पूर्ण थांबल्यावर मारली, ही नोंद घे. मग चार पावलं पुढे जाऊन पुन्हा मारली, जरा मोठ्याने. तो वळला नाही. किल्ल्या खिशात टाकल्या आणि कोपऱ्यावरून निघून गेला. मी घरी येऊन प्रकरण बंद केलं. मनाशी म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हाच.

आता परत लॅपटॉपवर ये. मी कॅलेंडर उघडलं. जानेवारीत मी तळ्याकाठी उभा आहे आणि माझ्या शेजारी, त्या मोकळ्या जागेत, दादा उभा आहे. फेब्रुवारीत आम्ही दोघं बागेतल्या बाकावर. मार्चमध्ये लेकीच्या पायऱ्यांवर. एप्रिलमध्ये तो माझ्या खांद्यावर हात टाकून हसतोय. सगळीकडे तोच, एकाच पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांच्या, गोल गळ्याच्या टी-शर्टात. (निळी शाई कुठे गेली ते कळलं. बाटलीवरचा खांदाही कळला. असल्याच एका जोडफोटोतून माझं तोंड कापलं होतं.) ज्याच्याशी मी बोलत नाही, त्याच्याबरोबर मी वर्षभर सहली करत होतो आणि मलाच पत्ता नव्हता.

आणि काय ते काम! जानेवारीत माझी सावली उजवीकडे पडते, त्याची डावीकडे. म्हणजे त्या तळ्यावर दोन सूर्य असले पाहिजेत. बाकावर तो बसलेला नाही, बाकाच्या जरा वर तरंगतोय. पायऱ्यांवर त्याला घोट्याखाली पायच नाहीत. एप्रिलमध्ये माझ्या खांद्यावर जो हात आहे, त्यात जावयाचं घड्याळ आहे. दंड दादाचा आणि पंजा जावयाचा. चेहरा तर सगळीकडे माझ्यापेक्षा सव्वापट मोठा. आणि प्रत्येक महिन्यात, न चुकता, दादाच्या कानामागून एक पान बाहेर आलेलं. पांढऱ्या ठिपक्यांचं हिरवं पान.

बोल ताई, आता. त्या वेलाची तब्येत मी का विचारली, ते कळलं? दादाचा फोटो तुझ्या बाल्कनीत काढलेला आहे, तूच काढलेला आहेस, आणि तूच हिला पाठवलेला आहेस. पान कापायचं राहिलं आणि तू पकडली गेलीस. खाई त्याला खवखवे म्हणतात. गेल्या वेळी मी फोनवर नुसतं 'दादा' म्हणालो, तर तुझं दूध लगेच उतू गेलं होतं.

ही परत आली तेव्हा मी जानेवारी उघडा ठेवून खुर्चीत बसलो होतो. मला वाटलं, घाबरेल. पर्स ठेवली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "कॅलेंडर घरातल्या माणसांचं आहे. तुम्ही दोघं बोलत नाही, म्हणून मी घरातली माणसं कमी करू का?" मी म्हटलं, हा खोटा पुरावा आहे. तर म्हणते, "तेच म्हणाले होते ना, मला फोटोतच बघ? मग बघा की." इतक्या वर्षांत आरोपीने असा जबाब मला दिलेला नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, सावली उलटी आहे. ही म्हणाली, "मग सरळ करून द्या." आणि खुर्ची माझ्याकडे ढकलून चहा टाकायला गेली.

तुला वाटेल, मी विरघळलो. तसं काही नाही. खोटं करायचंच असेल तर ते धड असावं, एवढाच माझा मुद्दा होता. असला कच्चा फोटो माझ्या टेबलावर आला असता, तर मी शिपायालाही तो बघायला बोलावलं असतं. ते कॅलेंडर तुझ्या घरात, लेकीच्या घरात भिंतीवर वर्षभर लटकणार. येणारा-जाणारा म्हणणार, विम्यात नोकरी केलेल्या माणसाच्या घरात दोन सूर्य. म्हणून बसलो.

त्या साधनात सगळं थराथराने असतं. तळं एका थरावर, मी दुसऱ्यावर, दादा तिसऱ्यावर, वरची फीत चौथ्यावर. कोणत्या थरावर उभे आहोत ते न बघता खोडायला गेलं की भलतंच जातं. दादाची उलटी सावली खोडायला गेलो आणि माझाच पाय गेला. तळं जरा बाजूला सरकवायला गेलो, तर तळं गेलं आणि आम्ही दोघं पांढऱ्या शून्यात उभे राहिलो. (ते चित्र बरं होतं खरं म्हणजे. आजूबाजूला कोणी नसलं की आम्ही दोघं सारखेच दिसतो.) हळूहळू हात बसला. सावली फिरवली. बाकावर त्याला खाली टेकवलं. पायऱ्यांसाठी त्याला लेकीच्या लग्नाच्या फोटोतले बूट आणून दिले. तेव्हा आम्ही दोघं बोलत होतो, त्यामुळे त्या फोटोत तो खराखुरा माझ्या शेजारी आहे आणि बूट पूर्ण दिसतात. जावयाचं घड्याळ काढलं. चेहरा लहान करायला घेतला, तर ही मागून म्हणाली, राहू द्या, थोरलेच आहेत ते. राहू दिला.

एक घोळ मात्र निस्तरता आला नाही. हिने जागेच्या सोयीप्रमाणे दादाला कुठे डावीकडे तोंड करून लावला आहे, कुठे उजवीकडे. एकच फोटो आरशासारखा उलटवून वापरलेला आहे. मूळचा कोणता आणि उलटवलेला कोणता, हे मला सांगता येईना. शर्ट असता, तर खिशावरून, बटणांवरून ओळखलं असतं. टी-शर्टाला खिसा नाही, बटण नाही. भांगावरून ओळखावं, तर भांग पाडायला दादाच्या डोक्यावर काही राहिलेलं नाही. नोकरीत असतो, तर 'अनिर्णित' असा शेरा मारला असता.

सगळ्यात शेवटी पान काढायला घेतलं. बारीक काम म्हणून फोटो मोठा केला. इतका मोठा की पडद्यावर नुसता कान आणि पान. ताई, आपला सख्खा भाऊ इतक्या जवळून मी कधी बघितला नव्हता. कानाच्या पाळीवर केस आलेत त्याच्या. मानेची कातडी सैल पडली आहे. मी कडेकडेने पान खोडत गेलो, आणि पान गेल्यावर मागे काहीतरी उरलं. मातकट रंगाचं, कानामागे बसवलेलं, आणि त्यातून एक पारदर्शक बारीक नळी कानात गेलेली. मला वाटलं, पानाचा देठ. अर्धा खोडलासुद्धा. मग हात थांबला. एका अपघाताच्या दाव्यात असलं यंत्र मोडलेलं मी बघितलं होतं, म्हणून ओळखलं. खोडलेलं सगळं परत आणलं.

दादाला ऐकू येत नाही? आणि कोणी मला सांगितलं नाही?

रडू आलं, हे लिहिणार नव्हतो, पण आलं. हिने आणलेला चहा तसाच गार झाला आणि हिने तो न सांगता पुन्हा गरम करून आणला, म्हणजे हिला कळलं असणार. मी शटरपाशी दोनदा हाक मारली होती ना, तीच सारखी आठवत राहिली. त्याला ऐकूच आली नसेल. किंवा आली असेल आणि वळला नसेल. पुरावा दोन्हीकडे झुकतो, मी काही लगेच भाबडा होणार नाही. पण त्या एका न वळलेल्या पाठीवर मी वर्षभर राग धरून बसलो होतो, आणि आता तो राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही. आमच्या कामात एक नियम होता, की शंका उरली तर तिचा फायदा दावा करणाऱ्याला द्यायचा. मी तो नियम फारसा कोणाला लावला नाही. दादाला लावून बघावा म्हणतो.

तेव्हा या प्रश्नांची उत्तरं लेखी पाठव. त्याचं ऐकणं कधीपासून कमी झालं? ते यंत्र तो रोज लावतो, की खोक्यात घालून ठेवतो? (मी ओळखतो त्याला. पावसात छत्री काखेत धरून भिजत येणारा माणूस तो.) त्याने स्वतःच तुला सांगितलं का, की धाकट्याला कळवू नकोस? आणि तो माझी चौकशी करतो का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर ते उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

भावोजींना नमस्कार. वेलाला पाणी जरा कमी घाल, पानं फार वाढली आहेत आणि लोकांच्या कानात जातायत. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा,
पंचनामा

ता. क. कॅलेंडरमध्ये फक्त डिसेंबर राहिला आहे. त्यासाठी दादाचा एक नवा फोटो काढून पाठव. पूर्ण उंचीचा, बुटांसकट. ऊन त्याच्या एका बाजूने यावं, डोक्यावरून नको. तो पट्ट्यांचा टी-शर्ट नको, आणि मागे कोणतीही वनस्पती नको. कशासाठी हवा आहे हे त्याला सांगू नकोस.

ता. क. दुसरा. वरचा ताजा कलम रद्द समज. डिसेंबरचं पान मी पुन्हा उघडून बघितलं. त्यात मी कडेला उभा आहे आणि शेजारी जागा आहे. त्या जागेत मी त्याला तीन तऱ्हांनी बसवून बघितला. सावली जुळते, बूट टेकतात, पण तो कॅमेऱ्याकडे बघतो, माझ्याकडे बघत नाही, आणि ते कुठल्याही साधनाने जमत नाही. येत्या सुट्टीला आम्ही दोघं तुझ्याकडे येतो. त्याला जेवायला बोलावून ठेव. मी आहे म्हणून सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण सांगितलंस, तर हेही सांग की गादीचा प्रश्न मी मागे घेतलेला नाही. ते प्लास्टिकचं वेष्टण त्याने जपून ठेवलं असेल तर आणावं.

ता. क. तिसरा, आणि याचंच उत्तर आधी पाठव, बाकीचं मागाहून आलं तरी चालेल. यंत्र त्याच्या कोणत्या कानाला आहे, डाव्या की उजव्या? निम्म्या महिन्यांत ते डावीकडे आहे आणि निम्म्यांत उजवीकडे. मूळ फोटो हिच्या फोनमध्ये आहे, पण हिला विचारलं तर ही हसेल, म्हणून तुला विचारतो. तो आधीच येऊन बसलेला असला आणि त्याची पाठ माझ्याकडे असली, तर कोणत्या बाजूने जाऊन हाक मारायची, ते मला निघण्याआधी कळायला हवं.